मदत हवी आहे : गाडीतला मिडबास उठतच नाही

नमस्कार मंडळी. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (ट्वीटर वेगळा असलेले), डिकीत दहा इंची सब (सबवूफर, अगदी खालच्या आवाजाचा स्पीकर), चार चॅनलचा अँप (अँप्लिफायर). वरचा आवाज स्वच्छ आहे, सबही दणकतो. पण मिडबास, म्हणजे ८० ते २५० हर्ट्झचा पट्टा, पोकळ वाटतो. मी भजनं फार ऐकतो. पखवाजाची थाप समोरून छातीवर यायला हवी, ती डिकीतून घुमत येते. जीव तुटतो हो!

बॅलन्स पूर्ण एका बाजूला फिरवला की त्या दारातून ठोका छान भरतो. मध्ये आणला की पातळ. एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली असेल का? की दोन्ही दारांच्या कानापासूनच्या अंतरातला फरक, म्हणजे टाइम अलाइनमेंटचा (दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी कानाशी पोचण्याचा) प्रश्न? रविवारी एका बाजूच्या तारा उलटवून बघतोच.

दुसरं, दाराचं. पॅनल उघडलं तर आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं, वर नुसता प्लास्टिकचा कागद. स्पीकरची मागची लाट तिथून पुढे येऊन पुढच्या लाटेला मारत असणार. ब्युटाइल शीट (पत्र्याला चिकटणारी, कंप दाबणारी रबरी शीट) लावायची आहे, पण आम्ही खानापूरकडचे. पावसाळ्यात काचेवरून दारात पाणी उतरतंच. निचऱ्याची भोकं मोकळी ठेवून ही मोठी भोकं पक्की कशी बुजवायची? नुसती शीट पुरेल, की खाली अॅल्युमिनियमचा पत्रा हवा?

हायपास (त्याखालचा आवाज दाराच्या स्पीकरकडे जाऊ न देणारा फिल्टर) सध्या ८० हर्ट्झवर, दर ऑक्टेव्हला २४ डीबी उतार. ६० वर आणला तर स्पीकरला झेपेल का?

दुकानदार म्हणतो मोठा सब घ्या. मला अजिबात पटत नाही. बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात दारांचं काम मन लावून करणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा.