अनुभव धागा : तुमचा साप खाण्याच्या बाबतीत विचित्र वागलाय का?

थंडी पडली की साप पाळणाऱ्या ओळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. खातच नाही, खाल्लेलं ओकला, उंदीर समोर धरला तर मागे सरकतो. याविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक परदेशातल्या, बारा महिने उबदार असणाऱ्या घरांसाठी लिहिलेलं असतं. नाशकात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली येतो, निफाडकडे त्याहून खाली, आणि आपल्या घरांत हीटर नसतात. म्हणून इथलेच अनुभव लिहा. कुठला साप, कुठला महिना, सापाच्या काचेच्या टाकीत तापमान किती, हे जरूर सांगा.

एक अट आहे. नाग, धामण, मांडूळ, अजगर असा आपल्या मातीतला साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यांच्या 'पाळण्याचे' अनुभव इथे नकोत. बॉल पायथन हा परदेशी अजगर ठेवणाऱ्यांनी २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली आहे ना, तेही पाहून घ्या.

गंगापूर रोड, बॉल पायथन (मादी)

दिवाळीपर्यंत आमची मादी दर पंधरवड्याला बिनतक्रार खायची. मग एकदम बंद. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, तरी उंदराकडे बघेना. आई रोज विचारायची, "अगं, मरेल ना ती अशाने?" मला पशुवैद्यांनी एकच काम सांगितलं होतं : दर आठवड्याला वजन कर आणि लिहून ठेव. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिला डब्यात ठेवून वजन करायचे. इतक्या महिन्यांत वजन जेमतेम हललं. हा साप मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, आणि मोठी झालेली बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते, विशेषतः थंडीत आणि विणीच्या काळात. पाणी मात्र ती नियमित पीत होती. तिला उबदार बाजूला ३२ अंश मिळत होते, थंड बाजूला २६. यातलं काही बदललं नाही, रोज उंदीर पुढे करून छळलं नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडल्या, त्याच आठवड्यात तिने पहिल्या झडपेत उंदीर धरला. आईने शेजारी पेढे वाटले.

(धागाकर्ता : हा अनुभव सगळ्यांनी दोनदा वाचा. भूक गेली म्हणजे आजार, असं नाही. पण वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तोंडातून लाळ-फेस दिसला किंवा श्वासाला आवाज येऊ लागला, तर वाट पाहू नका. पिल्लांना तर एवढा लांब उपास झेपतच नाही.)

इंदिरानगर, कॉर्न स्नेक

जानेवारीत रात्रभर लाइट नव्हती. आदल्या संध्याकाळीच त्याने उंदीर खाल्ला होता. सकाळी हीट मॅट गार, आणि टाकीत ओकलेला, जवळजवळ अख्खा उंदीर. वास असा की खोलीत थांबवेना. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली तरच पोटातलं पचतं, नाहीतर ते आत कुजायला लागतं आणि साप ते बाहेर टाकतो. लगेच दुसरा उंदीर द्यायचा मोह झाला होता, पण डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली. ओकताना पोटातला पाचक रस जातो, अन्ननलिका भाजते. दोन आठवडे फक्त पाणी, मग नेहमीपेक्षा बराच लहान उंदीर. तो पचला. आता हीट मॅट आणि थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर आहेत.

सिडको, कॉर्न स्नेक

आमचा उघड्यावर खातच नाही. चिमट्याने दिलेला बर्फातला उंदीर, कोमट करूनही, नको. कागदी पिशवीत उंदीर आणि साप दोघांना ठेवून, तोंड दुमडून, पिशवी रात्रभर टाकीतच राहू दिली की सकाळी पिशवीत एकटा साप.

नाशिकरोड, कॅलिफोर्निया किंगस्नेक

याने स्वतःची शेपूट गिळायला घेतली होती. किंगस्नेक मुळात दुसरे साप खाणारा, अमेरिकेतल्या रॅटलस्नेकचं विषही त्याला फारसं बाधत नाही. त्या दिवशी एप्रिलचं ऊन, खोली तापलेली, आणि त्याच्या शेपटीला उंदराचा वास लागलेला. ओढून काढलं असतं तर आत वळलेले दात मांसात आणखी रुतले असते. नळाच्या गार पाण्याची बारीक धार तोंडावर धरली, हळूहळू सोडली त्याने. तेव्हापासून त्याला वेगळ्या डब्यात खायला देतो, आणि उन्हाळ्यात टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर असते.

देवळाली कॅम्प, बॉल पायथन

उंदीर शेपटीकडून गिळतो. एरवी साप डोक्याकडून गिळतात, म्हणजे पाय अडत नाहीत. याला वेळ जास्त लागतो, बाकी काही नाही.

पंचवटी, सर्पमित्र

माझ्या घरी साप नाही. पण घरांतून नाग पकडताना हे नेहमी दिसतं : पिशवीत घालताना तो गिळलेला बेडूक किंवा उंदीर बाहेर टाकतो. लोक म्हणतात, विष ओकला. तसं काही नसतं. भरल्या पोटाने पळता येत नाही, भीतीपोटी तो ओझं टाकतो. तुमच्या पाळीव सापालाही हेच लागू आहे. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढू नका.

आणि दूध. श्रावणात मला अजूनही विचारतात. गारुडी सापाला दिवसेंदिवस तहानलेला ठेवतात, म्हणून तो वाटीला तोंड लावतो. दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. कोणी दारात नाग घेऊन आला, तर वाटी न देता वनविभागाला १९२६वर कळवा.

(धागाकर्ता : कात टाकण्याआधी डोळे दुधी होतात तेव्हाही बरेच साप खाणं सोडतात. यावर अजून कोणी लिहिलेलं नाही. ज्यांनी त्या काळातही खाणारा साप पाहिलाय, त्यांनी पुढे लिहा. आणि सापाला तपासणारे पशुवैद्य नाशकात कोणाला भेटले असतील तर मला खासगीत कळवा. मला दोनदा पुणं गाठावं लागलंय.)