चोर्ला उतरून तिलारी चढायचा, आणि नंतर रामघाट पायी: सायकल, ब्रेक, वाट याबद्दल माहिती हवी

वडगावचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी. दसऱ्यानंतर दोन दिवसांचा फेरा ठरवतोय. पहिल्या दिवशी बेळगावहून पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि साखळीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी डिचोली, दोडामार्ग, भेडशी, मग तिलारी घाट चढून पाटणे फाटा, शिनोळी, हिंडलगा आणि घर. दोन्ही दिवस ८०-९० किमीच्या आसपास पडतील.

सायकल साधी हायब्रिड आहे. पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे १४-२८ दात्यांचे सात गिअर, रिमला दाबणारे व्ही-ब्रेक, ३५ मिमीचे टायर. माझं वजन, सायकल आणि सामान धरून ९० किलो. विचारायचं हे:

१) तिलारी चढायला हे गिअर पुरतील की मागचा फ्रीव्हील (दात्यांच्या चकत्यांचा संच) बदलू?
२) उलटं फिरलं, म्हणजे तिलारी उतरून चोर्ला चढलं, तर सोपं पडेल का?
३) नोव्हेंबरात सायकल वर गावात ठेवून रामघाटाची जुनी वाट पायी उतरायची आहे. काय बघावं लागतं?

स्पोक_आणि_निपल

उलटं फिरू नका. तुम्ही ठरवलेली दिशाच बरोबर आहे, आणि कारण ब्रेकचं आहे.

चोर्ल्याचा उतार लांब पण मवाळ आहे. माथ्यापासून केरीपर्यंत सरासरी चार टक्क्यांच्या आसपास. तिलारीचा रस्ता जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी काढलेला, सात-आठ किमीत साधारण ६०० मीटर उतरतो, म्हणजे सरासरी आठ टक्के आणि काही वळणांवर त्याहून बराच जास्त. ९० किलो वजन ६०० मीटर खाली आणताना साधारण ५३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी २० किमीने ब्रेक धरून उतरलात तर वारा आणि टायर थोडी खातात, उरलेली जवळजवळ ३०० वॅट वीस-पंचवीस मिनिटं सतत तुमच्या दोन रिममध्ये उष्णता म्हणून जाते. इलेक्ट्रिक इस्त्रीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. रिम तापली की आतली प्लास्टिकची पट्टी मऊ होते, ट्यूब स्पोकच्या भोकात फुगते आणि फुटते. ते पुढच्या चाकात आणि वळणावर झालं तर सावरायला वेळच मिळत नाही.

म्हणून व्ही-ब्रेकवाल्याने तिलारी चढावा, उतरू नये. डिस्क असली तरी पहिल्यांदा चढूनच बघावा, म्हणजे कुठलं वळण कुठे आवळतं ते डोक्यात बसतं.

चोर्ला उतरतानाही ब्रेक धरून ठेवायचा नाही. सरळ पट्ट्यात सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून जोरात दाबा, वेग हवा तेवढा आला की पूर्ण सोडा आणि वळण ब्रेकशिवाय घ्या. बाहेरचा पॅडल खाली, नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर. दर तीन-चार किमीवर थांबून रिमजवळ बोट न्या. टेकवता येत नसेल तर पाच मिनिटं थांबा. पाणी ओतू नका.

निघण्याआधी पॅड बघा. पॅडवरच्या खाचा पुसट झाल्या असतील तर बदला. आपल्याकडची तांबडी माती पॅडमध्ये बसते आणि कानशीसारखी रिम घासते. पॅड काढून टाचणीने खडे उकरा, पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासा. लावताना पॅडचं पुढचं टोक रिमला एक मिमी आधी टेकेल असं ठेवा, कर्कश आवाज जातो. पॅडची वरची कड टायरला लागत नाही ना, हे ब्रेक जोरात दाबून तपासा. सैल दाबल्यावर कळत नाही. केबलची टोकं लिव्हरपाशी तुटायला लागतात, तिथे एक जरी तार उसवलेली दिसली तरी केबल बदला. लहान खर्च आहे.

चेन_तेल

गिअरचं सांगतो. २८ पुढे आणि २८ मागे म्हणजे एका पॅडलफेरीला चाकाचा एक फेरा, साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी ७.५ किमी. ९० किलो वजनाला आठ टक्क्यांच्या चढावर त्या वेगाला साधारण १६० वॅट लागतात. नियमित चालवणाऱ्याला तासभर जमण्यासारखं आहे. तेच पुढची मधली ३८ वापरली तर त्याच फेऱ्यांना २१५ वॅटच्या वर जातात, आणि तिथेच लोक अर्ध्या घाटात उतरून ढकलायला लागतात. चूक अशी होते की सुरुवातीला पाय ताजे असतात, मधल्या चकतीवर जोर लावत जातात आणि चढ खडा झाल्यावर भाराखाली पुढच्या २८ वर यायला बघतात. चेन अडकते किंवा आत पडते. वीजघर (घाटाच्या पायथ्याचं ठिकाण) सोडलं की लगेच लहान चकतीवर या आणि वर येईपर्यंत तिथेच रहा.

बारा टक्क्यांच्या वळणात हेच गणित २३० वॅटच्या पुढे जातं. गुडघा दुखायची सवय असेल तर १४-३४ चा फ्रीव्हील घ्या, आठ टक्क्यांवर ताशी सहा किमीने १३० वॅटमध्ये काम होतं. पण मागचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) ३४ दाते पेलणारा आहे का ते मेकॅनिककडे आधी बघून घ्या, आणि चेन नव्याने मोजून घ्या. जुनी चेन आखूड पडली तर मोठ्या-मोठ्या जोडीवर डिरेलर ओढून मोडतो.

डावीकडच्या आवळ वळणात आतली कड सगळ्यात खडी असते. मागून गाडी नसेल तर अर्धा-पाऊण मीटर बाहेरून घ्या, तेवढ्यानेही चढ जाणवण्याइतका कमी होतो. वळणाच्या आत मात्र वाळू-खडी साठलेली असते, तिथे उभं राहून पॅडल मारू नका, मागचं चाक घसरतं. हवा पुढे ४५, मागे ५० पीएसआय.

पाणी वीजघरलाच भरा, घाटात मिळेल असं धरू नका. तासाला पाऊण ते एक लिटर लागतं. एका लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. साखळीहून साडेसहाला निघालात तर नऊ-साडेनऊला घाटाच्या पायथ्याशी असाल. त्याआधी अंधारात पोचण्याची घाई नको, दोडामार्ग-तिलारी पट्ट्यात हत्ती आहेत आणि गवे तर दोन्ही घाटांत. गवा रस्त्यावर दिसला तर थांबायचं, घंटी वाजवायची नाही, तो जाईपर्यंत अंतर ठेवायचं.

सोंडेवरची_वाट

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यात जास्त धोका आहे.

बेळगावात रामघाट रोड आपण रोज म्हणतो, तो ह्याच वाटेचा. पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोलीचा, रस्ता होण्याआधी वेंगुर्ल्याच्या बंदराकडे माल इकडून जायचा. मालाची वाट असल्यामुळे ती ओळखायची काही लक्षणं असतात. चढ एकसारखा असतो, खडा भाग वळसे घेत चढवलेला असतो, उताराच्या बाजूला रचीव दगड दिसतात. गुरांची आणि गव्यांची वाट तशी नसते. ती सरळ उतरते, फाटे फुटत जाते आणि झाडीत विरते. दोनशे पावलं रचीव दगड दिसला नाही तर मागे फिरून शेवटच्या खात्रीच्या जागी या.

पायी जाणाऱ्यालाही माझा सल्ला तोच जो वर ब्रेकसाठी दिला गेला आहे: पहिली खेप खालून वर करा. डोंगराच्या सोंडा वर जाताना एकमेकींना मिळतात, खाली उतरताना फुटतात. वर चुकलात तर बहुतेक वेळा शेजारच्या सोंडेवरून त्याच माथ्याला लागता. खाली उतरताना एक फाटा चुकला की दुसऱ्याच खोऱ्यात. आणि कितीही सोपं वाटलं तरी ओढ्याने उतरायचं नाही. घाटमाथ्यावरचे ओढे कड्यावरून थेट खाली पडतात. पहिले दोन टप्पे उतरता येतात, तिसरा चाळीस फुटांचा निघतो, आणि वरचे दोन परत चढता येत नाहीत.

वेळेचं गणित: चढताना तासाला ३०० मीटर उंची, म्हणजे ६०० मीटरला दोन तास, वाट शोधण्याचा तास वेगळा. डिसेंबरात सहानंतर सूर्य मावळतो पण गर्द रानात साडेपाचलाच पायाखालचं दिसत नाही. दुपारी एकपर्यंत निम्मी उंची झाली नसेल तर परत फिरा. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी, आणि मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून घेतलेला.

ऑक्टोबरअखेरपर्यंत जळवा असतात. ओढून काढू नका, नखाने तोंडाकडची बाजू सरकवा किंवा मीठ लावा. रक्त बराच वेळ वाहतं कारण ती रक्त गोठू देत नाही. दाबून धरलं की थांबतं. खरी काळजी गोचिडाची. सत्तरी आणि दोडामार्गात २०१५-१६ पासून माकडतापाचे (गोचिडातून पसरणाऱ्या तापाचे) रुग्ण सापडले आहेत, आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे. म्हणून नोव्हेंबर हा महिना तुम्ही चांगला निवडलाय. फुल पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, काखा आणि कंबर तपासणं, कपडे उकळत्या पाण्यात. पुढच्या आठवड्याभरात अचानक जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं पहिल्यांदा सांगा.

परवानगी जाण्याआधी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारा. ह्या भागातल्या काही वाटा राज्यांच्या हद्दी ओलांडतात, एका बाजूची परवानगी दुसरीकडे चालत नाही. भीमगड अभयारण्यात तर विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि कॅसलरॉक ते कुळे रुळांवरून चालत जायचा विचार कोणी देत असेल तर ऐकू नका: रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे, आणि १:३७ उताराच्या त्या बोगद्यांत बाजूला सरकायला जागा नसते.

वडगावचा_सायकलवाला

खूप आभार. म्हणजे फ्रीव्हील तोच ठेवतो, पॅड आणि केबल बदलतो. रामघाट खालून वर करायचा तर सायकल कुठे ठेवू? आणि चोर्ल्यात मध्येच काही मोडलं तर बस सायकल घेते का?

चेन_तेल

चोर्ल्यातून बेळगाव-पणजी बस जातात. टपावर कॅरियर नसेल तर पुढचं चाक काढून डिकीत, सामानाचं तिकीट काढावं लागतं आणि शेवटी कंडक्टरच्या हातात असतं. गर्दीच्या वेळी नाहीच म्हणतात. त्यामुळे दोन ट्यूब, पंप, चेनची जोडकडी, पाच-सहा मिमीच्या अॅलन की आणि एक ब्रेक केबल जवळ ठेवा. पडल्यावर डिरेलरचा हँगर (त्याला धरणारी पट्टी) वाकतो, तुमच्या सायकलीला बसणारा एक जादा घेऊन ठेवा. तो रस्त्यात मिळत नाही.

सोंडेवरची_वाट

रामघाटाच्या दिवशी सायकल आणूच नका. बसने खाली दोडामार्ग-भेडशीकडे जा, वर चढून आलात की माथ्यावरच्या हेरे गावाच्या बाजूने चंदगडची एसटी धरा. शेवटची गाडी किती वाजता ते आदल्या दिवशी चंदगड आगाराला फोन करून विचारा, आणि त्याच्या दोन तास आधी माथ्यावर यायचं असं ठरवून खालून निघण्याची वेळ काढा.