मदत हवी आहे: सोबत्यांची ओढ सांगणारी इब्री स्तोत्रे

नमस्कार मंडळी. आमच्या प्रार्थनागटात पुढच्या महिन्यात वाचन माझ्याकडे आहे. विषय घेतलाय, भाविकांच्या सोबतीची ओढ. देवाच्या ओढीबद्दल सगळेच बोलतात, माणसांच्या ओढीकडे सहसा लक्ष जात नाही.

सुरुवात बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र ४२ पासून करणार आहे. हरिणीची तहान सगळ्यांना पाठ असते, पण कवीचा जीव खरा कासावीस होतो तो सण पाळणाऱ्या घोळक्याबरोबर देवाच्या घरी जायचो ते आठवून. आणि हे तो म्हणतोय कुठून, तर दूर उत्तरेला यार्देन नदी आणि हर्मोन डोंगराच्या मुलखातून. गंमत म्हणजे १३३ मध्ये भाऊ एकत्र राहतात, त्या सुखाला उपमा हर्मोनच्याच दहिवराची! ही जोडी मला फार आवडली आहे. १२० मधला केदार या अरबी वाळवंटी टोळीच्या तंबूंत अडकलेला एकटा जीव आणि १२२ मधली ‘चला, परमेश्वराच्या घरी जाऊ’ ही हाक, हेही घेतेय.

आता अडलंय ते असं. ४२ आणि ४३ चं ध्रुपद एकच आहे, तर दोन्ही सलग वाचावीत का? ११९ च्या १७६ ओव्यांत ६३ वी सोबत्यांविषयी आहे, तशा आणखी कोणत्या? बायबलनंतरच्या कवींत यहूदा हलेवी हा मध्ययुगीन स्पेनमधला इब्री कवी वाचला, पण त्याची ओढ सियोनची, म्हणजे यरुशलेमची. सोबत्यांसाठी झुरणारं कुणाचं काव्य आहे का?

शिवाय इथे कुणी बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी यहुदी असाल, तर १३३ तुमच्या घरी कोणत्या चालीवर म्हणतात? रेकॉर्डिंग मिळालं तर फारच बरं.