बेअर्स: आधी लेफ्ट टॅकल की आधी स्टेडियम?

अनघा_शॉमबर्ग

मंडळी, या महिन्याच्या, म्हणजे एप्रिल 2025 च्या अखेरीस एनएफएलचा ड्राफ्ट आहे (अमेरिकन फुटबॉलचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो), तोही प्रतिस्पर्धी पॅकर्सच्या ग्रीन बेमध्ये. आमच्याकडे सध्या जेवताना दुसरा विषय नाही. नवऱ्याचं म्हणणं, आपल्या शिकागोच्या बेअर्सनी एकदाचं आर्लिंग्टन हाइट्स या उपनगरात स्टेडियम बांधून टाकावं, पैसा हाताशी आला की चांगले खेळाडू आपोआप येतील. मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

2024 चा हंगाम मी सगळा पाहिला. 4 विजय, 2 पराभव अशी झकास सुरुवात, मग वॉशिंग्टनने शेवटच्या क्षणी उंच फेकून सामना हिसकावला तो चेंडू, आणि तिथून ओळीने दहा पराभव. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, केलेब विल्यम्सला चेंडू फेकण्याआधीच 68 वेळा पाडलं. तो उठताना खांदा धरतोय का, पाय टेकवताना लंगडतोय का, एवढंच बघत बसायचे मी. स्टेडियमचा आणि संघाचा खरंच काही संबंध आहे का? आणि ड्राफ्टमध्ये आपली पाळी दहावी, तिथे कोणाला घ्यावं?

दिनेश_साउथलूप

अनघाताई, तुमचं बरोबर आहे. या दोन थैल्या वेगळ्या आहेत. लीगमध्ये सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा, सगळ्यांना सारखी, 2025 साठी 27 कोटी 92 लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा टीव्हीच्या करारांतून येतो आणि तो बत्तीस संघांत समान वाटला जातो. मालक कितीही गब्बर झाला तरी या आकड्याच्या पलीकडे त्याला जाता येत नाही. रोकड जास्त असली तर मोठे सायनिंग बोनस (करारावर सही करताना द्यायचे पैसे) आगाऊ देता येतात, इतकाच काय तो फायदा. पॅकर्सना तर मालकच नाही, सामान्य लोकांच्या हाती शेअर आहेत. तरी त्यांनी आपल्याला ओळीने अकरा वेळा हरवलं. जानेवारीत आपला किकर सँटोसच्या शेवटच्या किकने 24-22 जिंकलो तेव्हा कुठे ती साखळी तुटली.

खरी घाई केलेबच्या कराराची आहे. तो 2024 च्या ड्राफ्टमधला पहिला पिक (निवड), म्हणजे चार वर्षांचा ठरलेला करार, वर क्लबला पाचव्या वर्षाचा पर्याय. क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतोय तोवरच बाकीच्या जागांवर पैसा ओतता येतो. आज कुदळ मारली तरी स्टेडियम उभं राहायला तीनेक वर्षं जाणार, तोवर केलेब महाग झालेला असेल. त्याला वाचवायचं तर या वर्षी.

मार्चमध्ये जनरल मॅनेजर रायन पोल्सनी काम चोख केलंय. चीफ्सकडून जो थुनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, आणि सेंटरला ड्रू डालमन. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या लाइनमधली मधली तिन्ही माणसं बदलली. उजव्या टोकाला डार्नेल राइट आहेच. उरलं डावं टोक, म्हणजेच लेफ्ट टॅकल. तिथे ब्रॅक्सटन जोन्स आहे, पण डिसेंबरमध्ये लायन्सविरुद्ध त्याचा घोटा मोडला. आता कोणी म्हणेल, थुनीलाच तिथे उभा करा. चीफ्सनी हंगामाच्या शेवटी तेच केलं होतं, आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, ईगल्सनी त्यांचा क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा पाडलं. उत्तम गार्ड (सेंटरच्या बाजूचा माणूस) आहे थुनी, त्याला त्याच्या जागेवर राहू द्या.

डाव्या टॅकलकडे एकदा नीट बघा. चेंडू निघताच तो मागे तिरका सरकतो, पाय क्रॉस न करता, हात छातीपाशी तयार ठेवून. समोरच्याने बाहेरून धाव घेतली आणि याची कंबर वेळेआधी वळली, तर आतली वाट उघडी पडते. उजव्या हाताने फेकणाऱ्या केलेबची पाठ त्याच बाजूला असते, म्हणजे येणारा त्याला दिसतही नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दहाव्यावर चांगला टॅकल दिसला तर घ्या.

स्टेडियमबद्दल सांगायचं तर मी बेअर्सच्या सध्याच्या मैदानापासून, सोल्जर फील्डपासून, चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. डिसेंबरात मिशिगन तळ्यावरून वारा सुटला की गोलपोस्टवरच्या फिती आडव्या होतात, ते बघायला मी आनंदाने गारठतो. तरीही मला वाटतं, क्लबने जावं. जागा पार्क डिस्ट्रिक्टची (शहराच्या उद्यान-मंडळाची), क्लब भाडेकरू. 2003 च्या नूतनीकरणानंतर खुर्च्या उरल्या 61,500, लीगमध्ये सगळ्यांत कमी. आर्लिंग्टनची 326 एकर जमीन त्यांनी 2023 मध्ये 19 कोटी 72 लाख डॉलरना घेतलीय. स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने बांधा, कोण अडवतंय?

स्वप्ना_हाइडपार्क

दिनेश, ‘स्वतःच्या पैशाने’ हेच तर घडत नाहीये. एप्रिल 2024 मध्ये तळ्याकाठच्या घुमटाच्या स्टेडियमचा आराखडा क्लबने महापौर जॉन्सन यांच्यासोबत मांडला, तेव्हा क्लबचे दोन अब्ज डॉलरवर, बाकी मोठी रक्कम सार्वजनिक. गव्हर्नर प्रित्झकर यांनी तेव्हाच नापसंती दाखवली. आर्लिंग्टनला गेले तर तिथे शाळा-जिल्ह्यांशी (स्थानिक शाळा चालवणाऱ्या मंडळांशी) मालमत्ता करावरून वाद झाला. 2003 च्या कामाचं कर्ज आपण हॉटेल-करातून अजून फेडतोय, आणि त्या कामापायी सोल्जर फील्डचा राष्ट्रीय ऐतिहासिक दर्जाही 2006 मध्ये गेला.

तळ्याकाठ सगळ्यांचा आहे. जॉर्ज लुकासच्या संग्रहालयाला तिथे विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ते लॉस एंजेलिसला गेलं. मला बेअर्स गावातच हवेत, पण पार्कचा घास घेऊन नकोत.

विक्रांत_ऑरोरा

स्टेडियमचं तुम्ही बघा, मी ड्राफ्टवर बोलतो. चेंडू घेऊन धावणारा ॲश्टन जेंटी दहापर्यंत उरला तर सोडायचा? बॉइझी स्टेट विद्यापीठासाठी एका हंगामात 2,601 यार्ड धावलाय, बॅरी सँडर्सच्या विक्रमाला जेमतेम कमी पडला. आपला नवा मुख्य प्रशिक्षक बेन जॉन्सनने आधी डेट्रॉइटला (लायन्सकडे) गिब्ज आणि माँटगोमेरी या दोन धावणाऱ्यांना घेऊन काय केलं ते आठवा. धावणारा भक्कम असला की पास रोखायचा ताणही कमी होतो. टॅकल आपल्या पुढच्या पाळ्यांत, 39 किंवा 41 वर घ्या.

दिनेश_साउथलूप

विक्रांत, जेंटी दहापर्यंत उरेल असं मला वाटत नाही. उरलाच तर तुमच्याशी भांडणार नाही. पण डेट्रॉइटच्या त्या दोघांपुढे लाइन कसली होती तेही बघा. त्या लाइनमधले सूएल आणि रॅगनाउ नसते तर एवढ्या मोकळ्या वाटा मिळाल्या असत्या का?

स्वप्नाताई, कर्जाचं मान्य. सार्वजनिक पैसा मागायचा असेल तर रस्ते आणि गटारांपुरता मागावा, घुमटासाठी नाही. तळ्याकाठाबद्दल तर आपलं एकमतच आहे, म्हणूनच मी आर्लिंग्टन म्हणतोय. फेब्रुवारीत क्लबच्या मालकीण व्हर्जिनिया मॅकॅस्की 102 व्या वर्षी गेल्या. क्लबचे संस्थापक हॅलास यांची ती मुलगी, रिग्ली फील्डच्या जुन्या मैदानापासून सगळं पाहिलेली. कुटुंबाने आता हे आणखी ताटकळत ठेवू नये.

अनघा_शॉमबर्ग

सगळ्यांचे आभार. कॅपचा आकडा आज रात्री जेवताना वापरणार. एक राहिलंच: आर्लिंग्टनला झालं तर शहरातल्या लोकांनी गाडीशिवाय यायचं कसं?

दिनेश_साउथलूप

शहरातल्या ओगिल्व्ही स्टेशनहून मेट्राची (उपनगरी रेल्वेची) यूपी नॉर्थवेस्ट गाडी घ्यायची. आर्लिंग्टन पार्क स्टेशन त्या जमिनीला लागूनच आहे. फक्त मॅच सुटल्यावर हजारो माणसं एकाच फलाटावर येणार, तेव्हा जादा गाड्यांचं आधीच लेखी ठरवून घ्यायला हवं. गावाच्या सभेत लोकांनी हे विचारावं. तुम्ही शॉमबर्गला, म्हणजे शेजारीच आहात. जमलं तर जा.