पगार हीच लायकी, तर आमचा झिरो वायरमन कोण?

तिरकस:
काल हिशेबी यांनी लिहिलं, की माणूस किती उपयोगी आहे ते त्याच्या पगारावरून कळतं. ज्याच्या कामाला भाव नाही त्याने गळे काढू नयेत, नवं काहीतरी शिकावं. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण डोकं फिरलं आणि हे एवढं झालं.

मी हिंजवडीत प्रोग्रॅम मॅनेजर आहे. दिवसाला पाच मीटिंगा, त्यातल्या दोन उद्याच्या मीटिंगच्या तयारीच्या. गेल्या वर्षी अपेंडिक्स काढलं तेव्हा अठरा दिवस रजेवर होतो. परत आलो तर काम ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी संपलेलं.

आता दुसरं. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आईबाबा दापोलीजवळच्या घरी. पोफळी आडव्या, खांब आडवे, तेवीस दिवस अंधार. मोबाइल चार्ज करायला जनरेटरवाल्यापुढे रांग. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातून कंत्राटी पोरं आली. भर पावसात, गाडी जात नाही तिथे, खांब खांद्यावर घालून घाटी चढली. लाइट आली त्या रात्री बाबा फोनवर रडले. त्या पोरांच्या दहापट तरी पगार घेतो मी. हिशेबी, लावा हिशेब.

हिशेबी:
छान लिहिलंत, डोळे पाणावले. पण खांब उचलणारे शंभर मिळतात, म्हणून भाव कमी. यात अन्याय कसला? आणि स्वतःची नोकरी एवढी फुकाची वाटते तर राजीनामा द्या की. तेवढं मात्र कुणी करत नाही.

तिरकस:
घराचे हप्ते आहेत. हसा.

अनघा_डोंबिवली:
माणूस वेगळा आणि खुर्ची वेगळी, हे दोघांच्याही लक्षात येत नाहीये. मी बँकेत काउंटरला आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी. परवा एक आजी आल्या, भांडी घासून बोटांच्या रेषाच गेलेल्या, मशीन ठसा घेईना. ओल्या फडक्याने पुसून एकेक बोट लावत बसले. चाळीस मिनिटांनी डाव्या अनामिकेवर जमलं. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, आज विमा पॉलिसी किती? शून्य. माझ्या वार्षिक मूल्यमापनात ती पॉलिसी मोजतात, आजी नाही.

आणि 'शंभर मिळतात' म्हणे! आशाताई २००५ पासून कागदावर 'स्वयंसेविका'. पगार नाही, कामागणिक मोबदला. कोविडात घरोघर फिरल्या, जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा पुरस्कार. मिळतात का अशा शंभर?

गोदाकाठ:
तिरकस, वायरमनचं एवढं कौतुक नका करू. परभणीकडं या एकदा. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की घरटी पाचशे वर्गणी, ट्रॅक्टर आपला, डिझेल आपलं. आणि हे सगळं ऐन गव्हाच्या पाण्याला. वायरमन साहेब तालुक्याला राहतात.

हिशेबी:
साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून बिल माफ आहे ना? अजून काय हवं?

गोदाकाठ:
लाइट. बिल माफ हाय, लाइट कुठंय?

निवृत्त लाइनमन:
एकतीस वर्षं खांबावर काढलीत मी. माझ्याकडे सहा गावं होती, शेजारच्या सेक्शनची जागा रिकामी, ती पण माझ्याच गळ्यात. रात्री दोनला डिओ (खांबावरचा फ्यूज) टाकायला तुम्ही आला होता का? शिव्या द्यायला सगळे पुढे.

गोदाकाठ:
काका, डिओ कोण टाकतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. झिरो वायरमन! गावातलंच पोरगं, कुठल्याच रजिस्टरला नाव नाही. माझ्या चुलतभावाचा जोडीदार होता एक. सबस्टेशनला फोन करायचा, 'दादा, फीडर बंद करा', आणि चढायचा. पायात स्लीपर. एकदा वर असतानाच लाइन चालू झाली. उजवा हात कोपरापासून गेला. परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, कुणाच्या नावानं होतं म्हणून चौकशीत विचारलं. कुणाच्याच नाही. मग तो वर चढलाच नव्हता म्हणे, कागदोपत्री. भरपाई कशाची देणार?

निवृत्त लाइनमन:
झिरो पोसले कुणी? गावानेच ना? वायरमनची वाट बघायची नाही, पोराला शंभर रुपये दाखवून चढवायचं.

गोदाकाठ:
वाट किती दिवस बघायची तेही सांगा. गहू करपला होता.

अनघा_डोंबिवली:
काका, तुम्ही कधीच नाही ठेवला?

निवृत्त लाइनमन:
ठेवला होता. खोटं कशाला बोलू. शेवटची सहा वर्षं. गुडघे गेले होते. माझ्या पगारातून दोन हजार द्यायचो महिन्याला.

हिशेबी:
म्हणजे बाजाराने भाव ठरवला, दोन हजार. माझाच मुद्दा सिद्ध झाला, आभारी आहे.

तिरकस:
एक मिनिट. काम एकच, खांब एकच. वर चढणाऱ्याला दोन हजार आणि खाली उभा राहणाऱ्याला पूर्ण पगार. मग तो पगार कशाचा होता? (काका, राग मानू नका. मीही खाली उभा राहणाऱ्यांतलाच.)

निवृत्त लाइनमन:
राग नाही. सहीचा होता.

हिशेबी:
बरं, तेवढ्यापुरतं खरं. जबाबदारीलाही किंमत असते, हे मात्र विसरू नका.

गोदाकाठ:
कसली जबाबदारी? हात कुणाचा गेला? ... जाऊ द्या, मोठं लिहिणार होतो पण आत्ताच लाइट गेली, मोबाइलला नऊ टक्के उरलेत. त्या पोराच्या धाकट्या भावाला फोन लावलाय. आता तोच चढतो.