जुना टीव्ही गेम तापून बंद पडतो, कोल्हापुरात कोण दुरुस्त करेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्याकडे नव्वदीतला टीव्ही गेम आहे, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची नक्कल, ६० पिनांची कॅसेट घेणारा. दादाने इतकी वर्षं जपून ठेवलाय आणि आता त्याच्या पोरांना तोच खेळायचाय.

सुरू व्यवस्थित होतो. थोड्या वेळाने चित्रात चौकोन विखुरतात, आवाज अडकतो, मग पडदा राखाडी. थंड झाला की पुन्हा चालतो. कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, दुसऱ्या कॅसेटी लावून पाहिल्या, फरक नाही. अडॅप्टर मूळचाच, ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह. आतला ७८०५ रेग्युलेटर (येणारे व्होल्ट ५ वर स्थिर ठेवणारा भाग) मात्र बोट टेकवता येत नाही इतका तापतो. मल्टिमीटरवर आधी ५ व्होल्ट दिसतात, बिघडताना ४.४ पर्यंत उतरतात.

माझा संशय रेग्युलेटरवर आणि शेजारच्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर आहे. पण मुख्य चिपच जास्त करंट ओढत असेल तर? ती काळ्या गोळ्याखाली बोर्डलाच चिकटवलेली आहे, बदलता येणार नाही. म्हणून सोल्डरिंगच्या आधी खात्री हवी. रेग्युलेटर काढून बाहेरून थेट ५ व्होल्ट दिले तर नेमकं कळेल का? किती करंट ठीक समजायचा?

शाहूपुरी, राजारामपुरीत विचारलं, सगळे नवीनच घ्या म्हणतात. ते मला मुळीच पटत नाही, हाच वाचवायचाय. लक्ष्मीपुरी किंवा मंगळवार पेठेकडे जुने रेडिओ-टीव्ही मनापासून दुरुस्त करणारे कुणी काका माहीत असतील तर दुकानाचा पत्ता सांगा. इचलकरंजी, सांगलीलाही जायची तयारी आहे.