मदत हवी आहे: ड्रॉप-वेट मशीनचा दांडा आडवा टिकत नाही

टेनिस रॅकेट विणायचं टेबलटॉप ड्रॉप-वेट मशीन (दांड्यावरच्या वजनाने तार ताणणारं) आहे, फिक्स्ड क्लॅम्पचं (ताणलेली तार धरून ठेवणारे चिमटे मशीनलाच बसवलेले). वजन ५३ पौंडांवर लावून दांडा सोडला की तो आडवा येतो, दोन-तीन सेकंद थांबतो आणि बारीक झटके देत खाली उतरतो. तार पॉलिएस्टरची १.२५ मि.मी. असो वा सिंथेटिक गट (नायलॉनची) १.३० मि.मी., तेच.

आधी वाटलं ड्रमवरच्या ग्रिपरमधून (ताणताना तार पकडणारे जबडे) तार निसटतेय. जबडे स्पिरिट आणि टूथब्रशने घासले, फरक शून्य. मग जबड्याला लागून तारेवर मार्करने खूण केली. ती हलली नाही. ड्रम आणि दांड्यावर एकच सरळ रेघ मारली, तर दांडा उतरताना रेघ तुटून ३-४ मि.मी. सरकली. म्हणजे ड्रममधला एकेरी (एकाच दिशेने फिरू देणारा) क्लच घसरतोय. क्लॅम्पचा यात संबंध नाही, तार क्लॅम्प करण्याआधीच हे होतं. सामानाच्या डिजिटल काट्यावर सुरुवातीला २४ किलो बरोबर दिसतात, त्यामुळे वजनाची जागाही ठीक आहे.

क्लच अजून उघडलेला नाही. आधीच्या मालकाने त्यात घट्ट ग्रीस भरलंय, काठावर काळपट दिसतंय. शिवाय मशीन सोलापुरात, यंत्रमागाच्या शेडला लागून. सुताचा भुगा सगळीकडे बसतो, तसा आतही गेला असणार. कंपनीचा सुटा भाग मागवायला वेळ नाही, पण बेअरिंगचं दुकान आणि लेथवाला जवळ आहेत.

डिझेलने धुऊन पातळ तेलाचे दोन थेंब पुरतील, की रोलर झिजले असं धरून क्लच बदलूच? आणि बदलायचा तर शाफ्टचा व्यास सोडून आणखी कोणती मापं घेऊन दुकानात जाऊ?